चपलांशेजारी ठेवलेला देव

खालापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडं एक कच्चा रस्ता आत वळतो. त्याच्या शेवटाला ती प्रशिक्षणाची जागा होती. रिक्षातून उतरल्या उतरल्या मी आधी भिंती बघितल्या. फोटो शोधत होते. हार घातलेला, मंद हसणारा एखादा बाबा, नाहीतर एखादी माताजी. हॉलमध्ये नव्हता. जेवणघरातही नव्हता. मला दिलेल्या खोलीत पलंगामागचा पडदासुद्धा सरकवून बघितला. मागं खिडकी निघाली आणि खिडकीत पाल.

म्हटलं, आज नसेल, उद्या निघेल. कुठंतरी पाणी मुरतंय खास.

विषयच तसा होता. मानसोपचारात अध्यात्माला जागा कशी द्यायची, याचं समुपदेशकांसाठी निवासी प्रशिक्षण. मी कर्जतला एका छोट्या दवाखान्यात समुपदेशक आहे. औषधांच्या खोक्यांना लागून माझी खोली, तिच्यात दोन खुर्च्या, एक पंखा आणि एक दार, जे नीट लागत नाही. तिथं लोक येतात, रडतात, बोलतात. तिथं देवाला बोलवायचं म्हणजे काय करायचं? आरती म्हणायची?

माझा संशय उगाच नव्हता. माझ्या मावशीला तरुणपणी आवाज ऐकू यायचे. घरच्यांनी बाहेरचं आहे म्हणून भगताकडं नेली. त्यानं तिला खांबाला बांधली आणि मिरच्यांची धुरी दिली. डॉक्टर दिसला तोवर ती चाळिशीला आली होती. गोळ्यांनी आवाज गेले, पण कुणी चूल पेटवली की ती उठून अंगणात जाऊन बसायची, मरेपर्यंत. तिच्यामुळं मी या धंद्यात आले. त्यामुळं अध्यात्म हा शब्द कुणी काढला की माझ्या नाकात आधी मिरचीचा वास येतो, मग बाकीचं ऐकू येतं.

तरी गेले, कारण माझा एक पेशंट अडला होता. आमच्याकडं आठवड्यातून एकदा येणारे मनोविकाराचे डॉक्टरच म्हणाले, "तुमचा तो पोशीरचा माणूस हलत नाहीये ना? मग जाऊन या. ऐकायला काय जातंय?" मला तेव्हा त्यांचाही संशय आला.

पोशीरचा माणूस म्हणजे चाळिशीचा एक गृहस्थ. घरची भातशेती आणि खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरी. पावसाळ्याच्या आधी त्याचे वडील वारले आणि त्याचं जेवण तुटलं. सगळ्या तपासण्या झाल्या. पोटात काही नाही, घशात काही नाही. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झोप लागायची, पण घास उतरायचा नाही. पँट सुतळीनं बांधून यायचा. आणि एका सकाळी तो बायकोला नदीच्या डोहात सापडला, कपड्यांनिशी, छातीएवढ्या पाण्यात उभा. "काय करता हो?" म्हटलं तर म्हणाला, "कायच नाय." त्या दिवसापासून त्या बाईच्या जिवात जीव नव्हता, आणि माझ्याही. तो पुन्हा पाण्यात उतरला तर कदाचित बाहेर येणार नव्हता, हे आम्हाला दोघींनाही दिसत होतं.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली होती, "वडलांचं सगळं नीट केलं मॅडम यांनी. दहाव्याला कावळा शिवत नव्हता. यांनी हात जोडले न झटक्यात शिवला. सगळा गाव बघत व्हता."

दहाव्या दिवशी नदीकाठी भाताचा पिंड ठेवतात. कावळा शिवला की माणसाची इच्छा पुरी झाली, सुटला, असं आपल्याकडं धरतात. नाही शिवला तर घरचे एकेक जण पुढं होऊन मेलेल्याला शब्द देतात, अमुक करतो, तमुक सांभाळतो, आणि वाट बघतात. हे मला काय माहीत नव्हतं? पण मी काय म्हटलं, तर, "भुकेला असेल, शिवला. तो विषय सोडा. तुम्ही जेवत का नाही ते सांगा."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खाली मान घातली. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला ते पावसापाण्याबद्दल.

तर प्रशिक्षण. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, स्वतः मनोविकारतज्ज्ञ, सुती साडी, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. दोरीत एखादा रुद्राक्ष ओवलाय का, हे मी चहाच्या वेळी जवळ जाऊन बघून आले. साधी दोरी होती. हॉलच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून काहीतरी मोठं, चौकोनी, चादरीत गुंडाळलेलं ठेवलं होतं. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हा बघा, आला बाबा! दुपारी शिपायानं चादर सोडली. आत पांढरा फळा निघाला.

आमच्यात पुण्याकडचा एक समुपदेशक होता. गळ्यात माळा, बोलणं मधासारखं. पहिल्याच सत्रात त्यानं डोळे मिटले आणि "आधी आपण सगळे एका ऊर्जेशी जोडून घेऊ या" म्हणाला. मी मनात म्हटलं, घ्या! झाली सुरुवात! पण बाई म्हणाल्या, "डोळे कशाला मिटताय? पेशंट समोर बसलाय ना? त्याच्याकडं बघा."

मग त्या म्हणाल्या, "खोलीत शिरताना आपला देव बाहेर चपलांशेजारी ठेवायचा. बाहेर पडताना परत सोबत घ्या, माझं काही म्हणणं नाही. आणि ज्यांचा देव नाही, त्यांनी तो नसलेला देवही तिथंच ठेवायचा." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. का बघितलं? मी तर तोंड उघडलं नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय का?

संध्याकाळी मी त्यांना गाठलंच. सरळ विचारलं, "तुम्ही स्वतः देव मानता का?"

"ते मी इथं सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि चहात बिस्कीट बुडवलं.

याला काय अर्थ आहे? जो माणूस हो म्हणतो त्याचं कळतं, नाही म्हणतो त्याचंही कळतं. न सांगणाऱ्याचं काय करायचं? मी रात्रभर कूस बदलत त्याचाच विचार करत होते.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या एक बोलल्या आणि माझी मान जरा सैल झाली. म्हणाल्या, "श्रद्धेला मान द्यायचा म्हणजे काहीही ऐकून घ्यायचं नाही. कुणी गोळ्या बंद करायला लावतंय, बांधून ठेवतंय, धुरी देतंय, तिथं ऐकत बसायचं नाही. उठून थांबवायचं. लागले तर पोलिस बोलवायचे." धुरी म्हणाल्या त्या. माझ्या मावशीचं यांना कुणी सांगितलं? कुणी सांगणं शक्यच नव्हतं. तरी मी जेवताना आमच्या डॉक्टरांचा या बाईंशी काही नातेसंबंध आहे का, याची इकडं तिकडं चौकशी केली. नव्हता.

मग नाटकासारखं एक काम दिलं. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक. ओळख पटेल असं काही सांगायचं नाही. मला पेशंट केलं आणि समोर बसवला तो माळावाला. मला आतून गुदगुल्याच झाल्या. म्हटलं, बस बाळा! आता तुझी ऊर्जा बघू. मी पोशीरच्या माणसासारखी खांदे पाडून बसले. जेवण जात नाही म्हणाले. वडील गेले म्हणाले.

त्यानं डोळे मिटले नाहीत. माळांना हात लावला नाही. बाईंनी सकाळी शिकवलेला प्रश्न विचारला, "या दिवसांत तुम्ही मनातल्या मनात कुणाशी बोलता?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडं काही नव्हतं. त्या माणसाची कारखान्यातली पाळी कधी असते, रक्त किती कमी आहे, बायकोशी कशावरून वाजतं, सगळं मला ठाऊक होतं. तो कुणाशी बोलतो हे ठाऊक नव्हतं. महिनाभर मी त्याला काय विचारत होते मग? मी म्हटलं, "माहीत नाही." सगळ्यांना वाटलं, छान वठवलं. आणि मला राग आला तो या गोष्टीचा की विचारावं ते या माळावाल्यानं!

शेवटच्या दिवसापर्यंत फोटो निघाला नाही. निरोपाच्या वेळी प्रसाद नाही, पुस्तक नाही, पुढच्या शिबिराचं आमंत्रण नाही. मी तरीही पिशवी परत एकदा झटकून बघितली आणि कर्जतला आले.

पुढच्या भेटीला तो एकटाच आत आला. बायको बाहेर बाकावर बसली होती. मी पावसाचं विचारलं नाही. म्हटलं, "एक विचारू का? मनातल्या मनात कुणाशी बोलणं होतं का तुमचं?"

त्यानं पँटीची सुतळी चाचपली. मग म्हणाला, "आबांशी."

"काय बोलता?"

"माफी मागतो."

आणि मग त्यानं सांगितलं. त्याला एक मोठी बहीण आहे. कोंडाण्याकडच्या एका आदिवासी वाडीतल्या मुलाशी तिनं लग्न केलं. "आमच्यातला नाय तो." बाप काहीच बोलला नव्हता. घरातून काढलं ते यानं, आणि चुलत्यांनी मान डोलावली. त्यालाही काही वर्षं झाली. बाप गेला तेव्हा ती शेवटचं तोंड बघायला आली. "मीच आडवली मॅडम. पुलावर. बोललो, एक पाऊल पुढं टाकलंस तर बघ. ती पुलाच्या त्या बाजूला उभी ऱ्हायली. आमी या बाजूनं आबांना घेऊन नदीवर उतरलो. ती वरनं बघत व्हती."

मी खुर्ची जरा पुढं ओढली.

"दहाव्याला कावळे समोर आंब्यावर बसले व्हते, पन खाली येईनात. चुलते बोलले, शेत इकनार नाय. धाकटा बोलला, आयला सांभाळीन. कायच नाय. ऊन चढलं. लोक बोलायला लागली, दर्भाचा कावळा करा न उरका. मग मी पुढं झालो. तोंडानं कायच बोललो नाय. मनात बोललो, आबा, ताईला घरी आनतो. न मान वर केली तं कावळा पिंडावर."

"मग?"

"लोकांनी पाठीवर हात ठेवला. बापानं याचं ऐकलं, बोलले. चुलत्यानं विचारलं, काय बोललास रं? मी बोललो, घर सांभाळतो बोललो." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "म्हंजी आबांना तीच पायजेल व्हती मॅडम. येवढी वर्सं. न मी तिला आडवली. आता ताटात भात आला की मला त्यो पिंडाचाच दिसतो. कसा गिळू?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. अहो, कावळा पक्षी आहे. त्याला तुमच्या मनातलं काय कळतंय? ऊन चढलं, माणसं मागं सरली, तो आला. गेली कित्येक वर्षं मी हेच बोलत आले. बोलले असते तर त्याला कदाचित सुटल्यासारखं वाटलं असतं. शब्द कुणी घेतलाच नाही म्हटल्यावर पाळायचा कुणाचा? जेवलाही असता. आणि ती बाई पुलाच्या त्या बाजूलाच राहिली असती.

मी माझ्या नीट न लागणाऱ्या दाराकडं बघितलं. बाहेर चपला होत्या, त्याच्या, त्याच्या बायकोच्या आणि माझ्या. मला स्वतःचाच संशय आला. म्हटलं, बाई गं, चार दिवसांत पाघळलीस? उद्या माळ घालशील! पण ते वाक्य मी गिळलं आणि विचारलं, "आबांना सांगितलंत. ताईला सांगितलंत का?"

"नाय."

"बायकोला?"

"कुनालाच नाय."

त्या दिवशी त्यानं बायकोला आत बोलवून सांगितलं. मी शेजारी बसले होते. ऐकून ती आधी रडली आणि मग तिचा पारा चढला. "येवढं पोटात घालून बसलाव, मग अन्नाला जागा कुठं ऱ्हानार? तरी मी ह्या बाबाला रोज कढी करून घालते!"

फोन तिनंच केला. आठ दिवसांनी बहीण माझ्या दारात हजर. नवऱ्याच्या टेंपोतून आली होती, नवरा खालीच थांबला. सावळी, काटक, पदर खोचलेला. बसायच्या आधी तिनं माझी खोली नीट बघून घेतली, भिंतींसकट.

"तुमीच का त्या मॅडम? माजा भाऊ खरंच आजारी हाय, का नाटक हाय? न्हाईतर जमीन इकायला काडली असंल. आता बापाच्या मागं माजी सही पायजेल ना. गिऱ्हाईक फिरतायत आमच्याकडं बी, बंगलेवाले."

मला ती लगेच आवडली. इतक्या दिवसांत माझ्याइतकं संशयी माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. मी म्हटलं, "आजार खरा आहे. सहीचं मला माहीत नाही. तुमच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं." पुढचं सांगायची परवानगी भावानं दिली होती, म्हणून पिंडाचं सांगितलं.

तिनं ऐकलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मॅडम, कावळा खरंच शिवला का वो? का त्याला आसं वाटलं?"

ती कावळ्याचं विचारत नव्हती. बापाला मी हवी होते का, हे विचारत होती. मी काय सांगणार होते? हो म्हणायला मी कोण? आणि नाही म्हणायला तरी कोण?

म्हटलं, "शिवला हे सगळ्या गावानं बघितलं. तेव्हा तुमचा भाऊ मनात काय बोलला, ते फक्त त्याला माहीत."

"मनात," ती म्हणाली. "मला हाकलली तवा मोट्यानं बोलला व्हता. सगळ्यांनी आयकलं. न ये म्हनायचं ते मनात? मोट्यानं बोल म्हनावं. जितं आडवली तितंच."

मी निरोप पोचवला. तो पांढराफटक पडला. पुलावर म्हणजे सगळ्या गावासमोर, चुलत्यांसमोर. दोन आठवडे तो आलाच नाही आणि बायको फोन उचलेना. त्या दिवसांत माझी झोप उडाली. दार वाजलं की मला तो डोह आठवायचा. मी त्या शिकवणाऱ्या बाईंना मनातल्या मनात लाखोली वाहिली. प्रश्न विचारायला शिकवता, पुढं काय करायचं ते कोण शिकवणार?

मग त्याचाच फोन आला. "रविवारी येता का मॅडम? तुमी असल्या तं बोलीन मी."

पेशंटच्या घरी जायचं नाही, हे मी आमच्याकडं शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना शिकवते. गेले.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला तो उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि तो शर्ट त्याला दोन मापं मोठा झालेला. मागं त्याची आई, बायको, धाकटा भाऊ. चुलते जरा लांब, हाताची घडी घालून. पलीकडं टेंपो थांबला. बहीण उतरली आणि त्या दिवशी जिथं उभी होती तिथंच येऊन थांबली. नवरा टेंपोपाशीच राहिला.

तो तोंड उघडी आणि मिटी. मला खात्री झाली, हा आता पळणार. खाली पाणी भरून वाहत होतं आणि मी पाण्याच्या बाजूला सरकून उभी राहिले, कठड्याला पाठ लावून. माझ्या शहाणपणाची मजल तेवढीच.

त्यानं हात जोडले, पिंडासमोर जोडतात तसे. आणि ओरडलाच. "ताई! मी आबांना बोल्लो व्हतो, ताईला घरी आनतो! मी तुला आनायला आलोय!"

"आनतो काय रं?" ती तिकडून ओरडली. "मी गोनी हाय का? ये म्हन!"

"ये गं ताई. दाजींना बी घेऊन ये."

चुलत्यांपैकी एक खाकरला, पाठ फिरवून चालू लागला. दुसरा तिथंच राहिला. बहीण पूल ओलांडून आली. भावाला तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, काय ही दशा करून घेतलीस!" मग दोघंही रडायला लागली आणि मी नदीकडं बघत राहिले. मलाही रडू येत होतं, खोटं कशाला बोलू?

घरात पानं मांडली. म्हातारीनं लेकीच्या पानात वाढलं, जावयाच्या पानात वाढलं. मुलाच्या पानाशी आली आणि भाताचं भांडं हातात घेऊन तशीच थांबली.

"मी बी तेच बोल्ले व्हते रं," ती म्हणाली. "त्या दिशी. मागं बायकांत बसून. मनात बोल्ले, लेकीला आनते, पन शिवा आता."

बहिणीनं हातातला घास खाली ठेवला.

माझ्या डोक्यात लगेच आलं, हे खरं, की म्हातारीला आत्ता सुचलं? आणि खरं असेल तर कावळा शिवला कुणाच्या शब्दाला? आणि इतकी वर्षं ही दोघं नवराबायको एका घरात हेच मनात धरून गप्प बसली होती? विचारायला तोंड उघडलं. मग माझ्या चपला दारात दिसल्या आणि मिटलं.

म्हातारीनं त्याच्या पानात भात वाढला, वर आमटी घातली. त्यानं कालवला. पहिला घास तोंडात बराच वेळ धरला. आम्ही सगळे जण आपापल्या पानात बघतोय असं दाखवत होतो. तो घास खाली गेला. मग दुसरा.

थोड्या वेळानं तो आईला म्हणाला, "आये, अजून वाढ."